पाचव्या गिअरात ओढलेली संत्र्याची ट्रॉली : एक प्रकरण अभ्यास

वरूड तालुक्यात माझं गॅरेज आहे. छोट्या मालवाहू गाड्यांचं काम जास्त येतं. संत्र्याच्या गेल्या मृग बहारात एक पिकअप दोन महिन्यांत दोनदा गिअरबॉक्स उतरवायला आली. पहिल्या वेळी मी बिघाड दुरुस्त केला, पण बिघाडाचं कारण मात्र माझ्या हातून सुटलं. मालकांची परवानगी घेऊन हे लिहितोय. नावं, गाव आणि गाडीची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पार्श्वभूमी

मालकांचं वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. घरची सहा एकर संत्र्याची बाग, शिवाय शेजारच्या दोघांचा मालही तेच नेतात. गाडी पुतण्या चालवतो. पोरगा कष्टाळू आहे, गाडीला जपणारा आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी त्यालाच दोष देईल.

गाडी म्हणजे अडीच लिटर टर्बो डिझेलची पिकअप. पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ, 200 न्यूटन-मीटरच्या आसपास. डॅशबोर्डवर वेगाचा काटा आहे, पाण्याच्या तापमानाचा काटा आहे, पण इंजिनचे फेरे दाखवणारा काटा नाही.

मृग बहाराचा तोडा, म्हणजे फळांची तोडणी, फेब्रुवारीपासून चालतो. माल नागपूरला कळमन्याच्या बाजारात जातो. लिलावाला वेळेवर पोचायचं म्हणून गाड्या मध्यरात्रीनंतर निघतात. आमच्याकडून नागपूर शंभर किलोमीटरच्या घरात. पिकअपमध्ये साठ-पासष्ट कॅरेट (फळांचे क्रेट) बसायचे आणि तेवढ्यात खेप परवडत नव्हती. म्हणून मालकांनी एका वेल्डिंगवाल्याकडून जुन्या धुऱ्यावर दोन चाकांची ट्रॉली बनवून घेतली. तिला ना ब्रेक, ना नोंदणी. तिच्यात आणखी सत्तर कॅरेट भरायचे.

नागपूरला जायला दोन वाटा आहेत. एक आष्टीवरून तळेगावला महामार्गाला लागायचं, पण त्या वाटेवर सत्याग्रही घाट येतो. दुसरी जलालखेडा-काटोलची. मालकांनी विचार करूनच काटोलची वाट धरली होती. ट्रॉली मागे असताना घाट नको, हा त्यांचा विचार बरोबरच होता. घाट टाळला म्हणजे गाडीवरचा ताण टळला, हा त्यापुढचा अंदाज मात्र चुकला.

अडचण

फेब्रुवारीच्या मध्यावर पुतण्या गाडी घेऊन आला. "मिस्त्रीभाऊ, पाचव्यात गाडी घुमून राह्यली. चौथ्यात टाकली का आवाज गायब." मी रिकाम्या गाडीत त्याच्याबरोबर एक चक्कर मारली. पाचव्यात घूंऽऽ असा एकसुरी आवाज होता आणि पाय उचलला की तो बदलायचा. एक-दोनदा अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर स्वतःहून सुटून न्यूट्रलमध्येही आला.

त्यानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, ज्या मी तेव्हा कानाआड केल्या. एक, भरल्या गाडीला मागून काळा धूर येतो. दोन, आठ दिवसांपूर्वी एका लांब उतारावर समोर बैलगाडी आली तेव्हा ब्रेकचं पॅडल अर्धं आत गेलं, गाडी जेमतेम थांबली आणि चाकातून जळका वास येत होता. धुरासाठी मी एअर फिल्टर झटकला आणि ब्रेकसाठी लायनर पाहिले. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिली दुरुस्ती आणि माझी चूक

गिअरबॉक्स उतरवला. मागचं ऑइल सील गळत होतं आणि ऑइल अर्ध्या लिटरहून जास्त कमी होतं. पाचव्या गिअरचं बेअरिंग वाजत होतं. मला वाटलं, सगळं उलगडलं. ऑइल कमी पडलं, बेअरिंग कोरडं चाललं, म्हणून घुमायला लागलं. सील बदललं, बेअरिंग बदललं, नवं 80डब्ल्यू-90 ऑइल भरलं. साडेसात हजारांचं बिल झालं.

या प्रकरणातला पहिला निर्णय इथे झाला आणि तो माझा होता. समोर दिसणारं कारण सापडल्याबरोबर मी शोध थांबवला. गाडी कशी चालवली जाते, मागे काय जोडलेलं असतं, किती वजन असतं, यातलं काहीच विचारलं नाही. ट्रॉली तर गॅरेजला कधी आलीच नव्हती. ती बागेत सोडून पोरगा रिकामी पिकअप घेऊन यायचा.

बरोबर एकोणीस खेपांनंतर, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, गाडी परत आली. तोच आवाज, पण आता जास्त भरड. मालक स्वतः आले होते. रागावले नाहीत, पण म्हणाले, "आता काय करावं थे तुमीच सांगा. मले माल घेऊन जायचा हाय, अन् गाडीचा भरोसा नाई." मी आधी लेव्हल बोल्ट खोलून पाहिला. ऑइल पूर्ण होतं, एक थेंबही गळलेला नव्हता. म्हणजे दीड महिन्यापूर्वी मी जे कारण सांगितलं होतं, ते तरी आता उरलं नव्हतं.

त्या रात्रीची खेप

दुसऱ्या दिवशीचा माल तोडून ठेवलेला होता. मी मालकांना म्हटलं, आज रात्री मी गाडीत बसतो, पेटी (गिअरबॉक्स) उद्या उघडू. आवाज करणाऱ्या पेटीनं भरलेली, ब्रेक नसलेली ट्रॉली ओढू देणं चूक होतं आणि आज मी तसं होऊ देणार नाही. पण त्या खेपेत जे कळलं, ते नुसती पेटी उघडून कळलं नसतं, हेही खरं आहे.

रात्री दोनला निघालो. निघण्याआधी पिकअप आणि ट्रॉली दोन्ही धर्मकाट्यावर चढवली. एकूण वजन पाच टनांना वीसच किलो कमी भरलं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, पिकअपचं भरलेलं वजन जेमतेम तीन टन. काट्यावरची चिठ्ठी पाहून पुतण्या गप्प झाला, कारण त्यानं वजन कॅरेट मोजून धरलं होतं. पिकअप, ट्रॉलीचं लोखंड आणि रिकाम्या कॅरेटचं वजन कधी धरलंच नव्हतं.

गाव सोडून रस्ता मोकळा झाला तसा त्यानं पाचवा टाकला. साधारण पंचावन्नचा वेग. सपाटीवर गाडी छान चालली होती. मी त्याच्या पायाकडे पाहत होतो. जलालखेडा मागे पडल्यावर एक चढ लागला, पण तो चढ आहे हे रात्री दिसतच नाही, रस्ता समोर सरळच वाटतो. पोराचा पाय हळूहळू खाली जात राहिला आणि शेवटी पॅडल फळीला टेकलं. काटा पंचावन्नवरून पन्नास, मग सत्तेचाळीस. इंजिनाचा आवाज जड झाला, गिअरच्या दांडीला बारीक थरथर आली आणि घुमणं वाढलं. आरशात मागच्या गाडीच्या दिव्यात आमचा धूर दिसत होता. पाण्याचा काटा मात्र मधोमध, जागचा हलला नाही.

"गिअर का पाडला नाही?" मी विचारलं.

"कायले पाडू भाऊ? गाडी चालून तं राह्यली. घाट थोडीच हाय."

काटोलला चहाला थांबलो. मी गाडीखाली वाकलो आणि बाटलीतलं पाणी बोटानं गिअरबॉक्सच्या शेपटावर शिंपडलं. थेंब चर्र करून नाचले आणि उडून गेले. म्हणजे बाहेरचं हौजिंगच (कवच) शंभर अंशांच्या वर होतं आणि तेही रात्रीच्या गारव्यात. समोरच्या भागावर, क्लचकडच्या बाजूला, थेंब पडून नुसती वाफ निघत होती. उष्णता शेपटाकडे, जिथे पाचवा गिअर बसतो तिथे होती.

काटोलपासून पुढे मी सांगितलं, पाचव्याला हात लावायचा नाही. सपाटीवर चौथा, वेग पंचेचाळीसच्या खाली आला की तिसरा, आणि उतार सुरू होण्याआधीच तिसरा. पोराला सुरुवातीला ते जड गेलं, इंजिनाचा आवाज वाढला की त्याचा हात आपोआप दांडीकडे जायचा. पण पुढच्या चढावर पॅडल पाऊणपर्यंतच गेलं, धूर कमी झाला, थरथर गेली. नागपूरच्या अलीकडे पुन्हा थांबलो, पुन्हा पाणी शिंपडलं. शेपटावर थेंब पडला, जागेवर राहिला, सावकाश सुकला. दोन्ही टप्प्यांचे रस्ते सारखे नव्हते, त्यामुळे ही तंतोतंत तुलना नव्हे. तरी फरक एवढा मोठा होता, की रस्त्याच्या फरकानं तो पडला असेल असं मला वाटत नाही. वेळ, पोराच्या हिशोबानं, दहाएक मिनिटं जास्त लागला.

पाचव्या गिअरचं गणित

पाच गिअरच्या अशा बहुतेक गाड्यांत चौथा हा सरळ गिअर असतो. इंजिनाचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, एक फेरा. पेटीत येणारा इनपुट शाफ्ट आणि बाहेर जाणारा मेन शाफ्ट एकमेकांत अडकतात आणि ताकद सरळ पार जाते, दात्यांच्या जोडीवरून जात नाही. पाचवा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. आपल्याकडे हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, पण वस्तू तीच. या गाडीत पाचव्याचं प्रमाण 0.8च्या आसपास आहे, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात शाफ्ट सव्वा फेरा मारतो. फेरे वाढले तेवढी ओढ कमी झाली. शिवाय ताकद आता काउंटर शाफ्टवर, म्हणजे पेटीतल्या दुसऱ्या समांतर दांड्यावर, उतरून पाचव्याच्या दात्यांमधून परत वर येते. अनेक पेट्यांत ही जोडी मुख्य पेटीच्या बाहेर, मागच्या शेपटीच्या हौजिंगमध्ये असते. रिकाम्या किंवा नेमक्या भरलेल्या गाडीला सपाट रस्त्यावर आरामात पळवण्यासाठी ती आहे. तिथे ती डिझेलही वाचवते, यात वाद नाही.

आता पाच टनांचा हिशोब. 60च्या वेगाला या गाडीचं इंजिन चौथ्यात साधारण 1,950 फेरे मारतं, पाचव्यात 1,560. वेग 47वर आला की पाचव्यात 1,220च उरतात. या इंजिनाची खरी ओढ 1,400च्या वर सुरू होते.

सपाटीवर पन्नासच्या वेगानं पाच टन ओढायला पाचव्यात साधारण 100 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, चौथ्यात 80. दोन्हीकडे इंजिन सुखात. शंभर मीटरला दोन मीटर चढ आला, की चौथ्यात 160 लागतात आणि पाचव्यात 200, म्हणजे इंजिनाकडे आहे तेवढा सगळा. शंभराला दोन हा चढ डोळ्यांना दिसत नाही. सायकलवाल्याला कळतो, गाडीवाल्याला कळत नाही. शंभराला चार झाला तर चौथाही पुरत नाही, तिसराच लागतो. हे माझे ढोबळ आकडे आहेत, टायर आणि वारा धरून दहा टक्के इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलत नाही.

घाटात हे होत नाही, ही यातली खरी मेख आहे. घाट दिसतो, गाडी लगेच अडते, ड्रायव्हर गिअर पाडतो. या लपलेल्या चढावर गाडी अडत नाही, फक्त जरा मंदावते आणि ड्रायव्हर पाय दाबून धरतो. इंजिन गुदमरत राहतं. कमी फेऱ्यांत तेवढंच काम करायचं म्हणून प्रत्येक स्ट्रोकला जास्त डिझेल जातं, ते पूर्ण जळत नाही, म्हणून काळा धूर. फेरे कमी, म्हणून पाण्याचा पंप आणि पंखाही संथ. आणि सगळा टॉर्क पाचव्याच्या दात्यांवर, एका वेळी कित्येक मिनिटं. रात्रीच्या थंडीत पाण्याचा काटा हलत नाही, आणि गिअरबॉक्सला काटाच नसतो. एकोणीस खेपा तो तापला आणि कोणाला कळलं नाही.

ब्रेकची तक्रारही इथेच उलगडते. उतारावर पाचव्यात इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही. पाच टन, त्यातले दोन टन बिनब्रेकच्या ट्रॉलीत, सगळे पिकअपच्या चार चाकांच्या ब्रेकवर. ते तापले, पकड गेली, पॅडल आत गेलं. त्या दिवशी बैलगाडी वाचली ती नशिबानं.

ऑटोमॅटिक पिकअपवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण आता त्याही दिसू लागल्या आहेत. तिथे गाडी स्वतः वरचा गिअर टाकते, ओढ कमी पडली की खाली येते, पुन्हा वर जाते. ओझ्याखाली ही सतत वर-खाली सुरू राहिली, की इंजिन आणि पेटी ऑइलच्या जोरावर जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर घसरून ऑइल तापतं. म्हणूनच परदेशातल्या पिकअपला ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण किंवा टो-हॉल (ओझं ओढायचा) मोड दिलेला असतो. आपल्याकडच्या गाडीत तो नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर रोखून धरायचा.

पेटी उघडल्यावर

परत आल्यावर पेटी उघडली. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला लोखंडी भुग्याची दाढी लागली होती, बोटानं ओढली तर लोकरीसारखी निघाली. ऑइल पूर्ण होतं, पण काळं आणि करपट वासाचं. पाचव्या गिअरच्या पोलादावर निळसर झाक आली होती, तव्याच्या कडेला येते तशी, आणि दात्यांच्या तोंडावर टोचल्यासारखे खड्डे. तिसऱ्याचे आणि दुसऱ्याचे दाते मात्र नव्यासारखे. मी मालकांना बोलावलं, गिअर त्यांच्या हातात दिला आणि माझ्या पहिल्या निदानाबद्दल माफी मागितली. गळतं सील खरं होतं, त्यानं नुकसान लवकर झालं असेल, पण ते मूळ नव्हतं.

समोर असलेले पर्याय

तोडा अजून तीन आठवडे चालणार होता, त्यामुळे लगेच ठरवायचं होतं.

पहिला पर्याय पुतण्याचा. गिअर बदला, ट्रॉली तशीच ठेवा, यापुढे पाचवा टाकायचा नाही. गिअरबॉक्सच्या दृष्टीनं हे चाललं असतं. पण ब्रेक तेच, वजन तेच. शिवाय सपाटीवर रिकाम्या रस्त्यात रात्री तीनला पोराचा हात पाचव्याकडे जाणारच, सवय अशी सुटत नाही.

दुसरा, ट्रॉलीला ब्रेक बसवून, माल निम्मा करून, तिची रीतसर नोंदणी करायची. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, त्यामुळे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. घरगुती वेल्डिंगच्या ट्रॉलीला ती मिळणं अवघड, आणि निदान त्या बहारात तरी शक्यच नव्हतं. ओव्हरलोड धरला गेला तर 2019च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. मालकांना दंडाची भीती होतीच, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, याची त्यांना जास्त धास्ती बसली.

तिसरा, ट्रॉली सोडून पिकअपच्याच जास्त खेपा. पोराला एक रात्रही झोप मिळाली नसती.

चौथा, शेजारच्या दोघांसोबत मिळून एक मोठा ट्रक भाड्यानं ठरवायचा. मालकांचा याला विरोध होता. "दुसऱ्याच्या गाडीत आपला माल गेला का आपला नंबर मांगं पडते," असं त्यांचं म्हणणं. अडत्याशी त्यांचा वर्षांचा संबंध, माल कधी पोचतो यावर भाव अवलंबून, हे मी नाकारत नाही. इथे तासभर चर्चा झाली. शेवटी पुतण्याच बोलला, "काका, त्या दिवशी बैलगाडीत पोरं बसली होती." त्याआधी हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

काय केलं

ट्रॉली त्याच दिवशी रस्त्यावरून काढली. पाचव्याची पूर्ण जोडी, सिंक्रो, बेअरिंग आणि ऑइल बदललं. मजुरी मी घेतली नाही, तरी 22,000 रुपये लागले. पाचव्यामुळे एका खेपेला अगदी एक लिटर डिझेल वाचत होतं असं धरलं, तरी एकोणीस खेपांचे एकोणीस लिटर.

शेजाऱ्यांसोबत एक ट्रक ठरला, आठवड्यात दोन खेपा. उरलेला निवडक माल पिकअपमधून, साठ कॅरेटच्या आत.

गाडीला फेऱ्यांचा काटा नाही म्हणून वेगाच्या काट्यावर नेलपॉलिशनं दोन खुणा केल्या. लाल खूण 45वर, भरलेल्या गाडीला त्याच्या खाली चौथा नाही. पांढरी खूण 60वर, नेमक्या भरलेल्या पिकअपला त्याच्या खाली पाचवा नाही. आणि एक साधी परीक्षा पोराला दिली : सपाटीवर पाचव्यात पाय अर्ध्याहून खाली गेला की गिअर पाडायचा, वेग कितीही असो.

निष्पत्ती

बहाराचे उरलेले तीन आठवडे गाडी एकदाही बंद पडली नाही. ट्रकच्या खेपांत दोनदा माल उशिरा पोचला आणि मालकांना भावात फटका बसला, हेही नोंदवायला हवं. पोराला मात्र आठवड्यातल्या चार रात्री झोपायला मिळाल्या. ट्रॉली आता ट्रॅक्टरमागे, बागेच्या आत, कॅरेट बांधावर आणायला वापरतात. हळू वेगात, खासगी जमिनीवर, तिचं ते काम चांगलं आहे.

दिवाळीआधी आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाच्या, तोंडावर मी ड्रेन बोल्ट काढून पाहिला. चुंबकावर राखाडी लेप होता, नव्या गिअरला बसताना येतो तेवढाच. दाढी नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वेळी बेअरिंग पाहूनच मी थांबायला नको होतं. बेअरिंग पाचव्याचंच का गेलं? ऑइल कमी होतं तर बाकीची बेअरिंगं ठीक कशी? हे दोन प्रश्न हातात पेटी असताना विचारले असते, तर 22,000 वाचले असते. काळा धूर, ब्रेकचा वास आणि पाचव्याचं घुमणं, तीन वेगळ्या कप्प्यांत टाकण्याऐवजी एका कागदावर लिहिली असती, तरी पुरे होतं.

मालकांनी ट्रॉली बनवताना वेल्डिंगवाल्याला हूकची जाडी विचारली, पण आरसी उघडून पाहिली नाही. वजन काट्यावर करायला दहा मिनिटं लागतात. ते ट्रॉलीच्या पहिल्याच खेपेला व्हायला हवं होतं.

ट्रॉलीत कॅरेट मागच्या फाळक्यापासून भरले जात होते, कारण तसं भरायला सोपं. त्यामुळे हूकवर वजनच नसायचं आणि ट्रॉली शेपूट हलवायची. दोन चाकांच्या ट्रॉलीचं दहा ते पंधरा टक्के वजन हूकवर यावं लागतं. हे मला त्या रात्री आरशात दिसलं होतं, पण पाचव्याच्या नादात मी ते बोललो नाही. बागेत ट्रॅक्टरमागे भरतानाही ते लागू आहे, म्हणून नंतर जाऊन सांगितलं.

आणि त्या रात्रीची खेप. आज असं प्रकरण आलं तर मी ट्रॉली न जोडता, काट्यावर वजन करून, फक्त भरलेली पिकअप त्याच रस्त्यानं नेईन. तीन टनांतही त्या चढावर पाय किती खाली जातो ते कळतंच.

गॅरेजच्या जॉबकार्डवर आता दोन ओळी वाढवल्या आहेत. गाडीमागे काही ओढता का? भरल्या गाडीला कोणता गिअर असतो? गेल्या महिन्यात काँक्रीटचं मिक्सर ओढणारा एक जण क्लचच्या तक्रारीसाठी आला. दुसऱ्या ओळीपुढे त्यानं "पाचवा" असं सांगितलं. बोनेट उघडण्याआधी मी त्याला मिक्सरसकट काट्यावर पाठवलं.